उजवा आरसा

वळणावर दुधाचा टँकर आला तेव्हा
गॉबनेटबाईंनी गाडी झुडपात जवळजवळ घातलीच होती.
डावीकडे फ्यूशियाची लाल फुलं काचेला चिकटली,
उजवीकडे फक्त टक् झालं,
अंडं फोडावं तसं.
टँकरवाल्याला कळलंही नाही.

ब्रेडच्या पिशवीत घालून त्या आरसा घेऊन आल्या.
"नुसती काच बसव रे, टायग."

नुसती काच!
मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि वाचत गेलो:
दहिवर वितळवणारी तार,
गाडी बंद केली की कान पाडणारी मोटर,
वळायचा पिवळा दिवा, पावलापुढे उजेड टाकणारा दुसरा,
पोटाखाली वाटाण्याएवढा कॅमेरा,
कोपऱ्यात एक ठिपका, तुम्हाला न दिसणारं बघून पेटणारा.
कंपनी सुटं काही विकत नाही आता.
अख्खा कान घ्यावा लागतो.

आकडा सांगताना मी पडद्याकडेच बघत होतो.
एक हजार तीनशे चाळीस युरो. रंग वेगळा.
आणि कॅमेऱ्याला रस्ता नव्याने शिकवायचे,
गाडी ट्रलीला नेऊन, आणखी दोनशे दहा.
अख्ख्या गाडीला आज कोणी चार हजार देईल,
तेही ओळखीतलं असेल तर.
नाकापेक्षा मोती जड.

माझा बाप याच शेडमध्ये
कपाटाच्या जुन्या दाराचा आरसा कापायचा.
हिरकणीने कर्रकन एक रेघ,
पाठीला लांबी,
अंगठा दाबून शंभरपर्यंत मोजायचं.
मजुरी डझनभर अंडी, कधी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा.
त्याच्या आरशात गाई लांबुळक्या व्हायच्या, पाद्री बुटका.
कोणी मेलं नाही त्यापायी.
एक कोंबडी सोडली तर.

बाईंनी पर्स उघडली नाही, बाजूलाही ठेवली नाही.
"आणि बटणं राहतील ना?"

दारावरची. एक त्यांचं.
दोन दाबलं की सीट मागे जाते, खाली जाते,
आरसा वर उचलला जातो, किंचित बाहेर,
सहा फूट तीन इंचांच्या माणसाला
मागचा रस्ता दिसेल इतका.
त्यांच्या नवऱ्याला, फ्लॉरीला, जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं झाली.
कधी कधी निघण्याआधी अंगणात
त्या दोन दाबून बसतात.
त्यांच्या उंचीवरून त्यात रस्ता दिसत नाही,
आभाळ दिसतं,
आणि स्वतःच्याच घराच्या धुराड्याचं टोक.
मग एक दाबून दुकानाला जातात.

हे सगळं त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

पुस्तिकेत लिहिलंय,
नवा आरसा बसवल्यावर जुन्या जागा पुसून टाकाव्यात.
जागा नक्की कुठे साठतात, दारात की आरशात,
ते लिहिलेलं नाही.
वीस वर्षं मी गाड्या उघडतोय, मलाही माहीत नाही.

म्हटलं, बघू तरी.
त्यांना गाडीत बसवलं,
फुटक्या आरशाचा प्लग दाराच्या तोंडात खुपसला,
कवच एका हाताने धरून ठेवलं.
काच कधीच गळून गेली होती,
काळी पट्टी तेवढी उरली होती, गोंदाचे ओघळ घेऊन.
"दाबा."

सीट त्यांना घेऊन मागे गेली.
त्यांचे पाय पेडलवरून सुटले,
मोठ्यांच्या खुर्चीत बसवलेल्या मुलीचे असावेत तसे.
माझ्या तळव्यात मोटर घरघरली,
अडली,
पुन्हा घरघरली.
आणि ती रिकामी पट्टी
वर उचलली गेली, किंचित बाहेर,
माझ्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपाशी थांबली.

बाई बघत होत्या.
मी हात हलवला नाही.

दुपार होऊन गेली.
ट्रलीला फोन करायचा राहिलाय.
ब्रेडची पिशवी झटकून, घडी घालून ठेवलीय,
त्यांची आहे ती.